दोन नंबरच्या मोटरीची सुई

बुधवारी दुपारी फोरमन लडकू ठोंबरे पंपघराच्या पायऱ्या उतरला तेव्हा त्याच्या खिशात मॅनेजर सबनीस साहेबांची चिठ्ठी होती. चिठ्ठीत दोनच ओळी. ‘उद्या दहा वाजता हिरू निरगुडा याची चौकशी. दोन नंबरच्या मोटरीचा दाखला घेऊन हजर राहावे.’ दाखला लडकूनंच मार्चमध्ये लिहिलेला होता. ‘मोटर निर्दोष’, खाली सही, सहीखाली तारीख.

पायऱ्या अडतीस. तीस वर्षांपूर्वी त्या त्यानं कधी मोजल्या नव्हत्या. आता गुडघे मोजत होते.

साजगावची ही कागद गिरणी पाताळगंगेचं पाणी पिऊन चालायची आणि पाणी वर चढवायला नदीकाठी दोन मोठ्या मोटरी होत्या. एक नंबरची जानेवारीत जळाली. ती मुंबईला गेली होती आणि मुंबईला गेलेल्या माणसासारखीच ‘येतो येतो’ म्हणत होती. तेव्हापासून सगळा भार दोन नंबरवर. अठ्ठ्याहत्तरचा एप्रिल चालू होता, जूनच्या आत शाळेच्या वह्यांचा कागद जायचा होता, आणि दोन नंबर तीन आठवड्यांत सहा वेळा आपोआप बंद पडली होती. स्विच खाडकन पडायचा, पाणी थांबायचं, वर गिरणीत ओला कागद तुटायचा आणि तो पुन्हा सांधायला तीन तास जायचे.

आता गिरणीचा एक जुना रिवाज होता. बिघाड झाला की आधी माणूस शोधायचा. यंत्राचा दोष शोधायला अक्कल लागते, माणसाचा शोधायला नुसतं हजेरीपुस्तक पुरतं. सहापैकी चार वेळा मोटर हिरूच्या पाळीत पडली होती. बस, सापडला माणूस.

हिरू वरच्या ठाकूरवाडीचा. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला, वाडीतून गिरणीत कायम झालेला पहिलाच. कायम होऊन आठ महिने झाले होते. पत्र्याखाली दुपारची पाळी भाजून काढते म्हणून जुन्या लोकांनी ती नव्याच्या गळ्यात बांधली होती, आणि तीच पाळी आता त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी होती. आरोप असा, की हा बाजूचा वॉल्व्ह उघडतो, पाणी शेजारच्या डबक्यात सोडतो आणि डबक्यात येणारे मासे धरतो. वॉल्व्हशी खेळ झाला की मोटरीवरचं ओझं कमीजास्त होतं आणि ती पडते. मासे डबक्यात यायचे, हे खरं. ते पहिल्या पाळीचा कान्हा धरायचा, हेही सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्या मळव्या माशांचं कालवण निम्म्या गिरणीनं चाखलं होतं. पण मासे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ठाकर येतो, कान्हा येत नाही.

हिरू स्टुलावर बसून लॉगबुकात लिहीत होता. लडकूला बघून उठला.

“बस रं. आन इकडं ती वही.”

लॉगबुक म्हणजे दर तासाला मोटरीवरचा आकडा टिपून ठेवायची वही. भिंतीवर काटा असलेलं मीटर, मोटर किती वीज ओढते ते दाखवणारं. लोक त्याला ‘सुई’च म्हणत. लडकूनं पानं उलटली. कान्हाच्या पाळीत तीनशे वीस, तीनशे वीस, तीनशे वीस. रात्रपाळीच्या गोमाचं अक्षर वाकडं, पण आकडा तोच. आणि मधे हिरूची पाळी. प्रत्येक चौकोनात दोन दोन आकडे कोंबलेले. तीनशे ते तीनशे चाळीस. तीनशे ते तीनशे पंचेचाळीस.

“एका चौकोनात दोन आकडे कशापायी लिवले?”

“सुई दोन ठिकानी व्हती, दादा.”

“मग मधला लिवायचा.”

“मधी ती थांबतच नाय.”

लडकूनं वर बघितलं. सुई तीनशेवरून तीनशे चाळीसपर्यंत चढली, पुन्हा खाली आली. पुन्हा चढली. घाई नाही, गडबड नाही. दमलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी तशी. आणि मोटरीचा आवाजही नुसता सरळ नव्हता. घूंऽ… घूंऽ… असा कण्हत होता.

उद्याच्या चौकशीत नेमकी हीच वही साहेब पुढे ठेवणार, हे लडकूला कळत होतं. दोघांच्या पाळीत सुई सरळ, तुझ्याच पाळीत कशी नाचते रे? उत्तर काय देणार पोरगं?

“वॉल्व्हला हात लावतोस का? खरं सांग, मी साहेब नाय.”

“त्याचं चाक गंजलंय दादा. कान्हादादा पाना लावून फिरवतो. पाना तो घरी नेतो.”

“आन मासं?”

“मला मासं वर्ज्य हायती. आयच्या नवसाचं. दोन वर्सं झाली.”

लडकूला हसू आलं, पण तेही अर्ध्यातच दमलं. एवढ्यात स्विच खाडकन पडला. मोटर उसासा टाकून मंदावत गेली आणि पंपघरात नदीचा आवाज ऐकू यायला लागला. लडकूनं हिरूकडे बघितलं. हिरू जिथल्या तिथं उभा, दोन्ही हात वहीवर. वॉल्व्ह पंधरा पावलांवर. सातव्यांदा पडली होती, आणि या खेपेला फोरमनच्या डोळ्यांदेखत.

“वर फोन कर. म्हणावं दहा मिंटं लागतील.”

लडकू मोटरीपाशी बसला. मार्चमधली तपासणी त्यानं मनातल्या मनात पुन्हा केली. तारांच्या वेटोळ्यांचं आवरण मेगर नावाच्या मापकानं मोजलं होतं, उत्तम होतं. लाकडी दांडी बेअरिंगला टेकवून कानाला लावली होती, खरखर नव्हती. मग मोटर चालवून सुई पाहिली होती, सरळ होती. पण चालवली होती कशी? पाण्याचा मुख्य वॉल्व्ह बंद ठेवून. गिरणी त्या दिवशी सुट्टीवर, पाणी वर घ्यायला कोणी नाही, आणि लडकूला घरी जायची घाई. मोटर मोकळीच फिरत होती. ओझंच नव्हतं तर ती कण्हणार कशाला?

म्हणजे हिरूच्या विरुद्ध कागद दोन. एक दाखला, लडकूच्या हातचा. दुसरी ती लॉगबुकातली सरळ ओळ. तीही धरली तर लडकूचीच. ‘चौकोन एक, आकडा एक, सुई हलली तर मधला’ हे वीस वर्षं प्रत्येक नव्या माणसाला त्यानंच शिकवलं होतं. कान्हा शिकला, गोमा शिकला. हिरूला शिकवायचं राहून गेलं, कारण तो आला त्या आठवड्यात लडकू तापानं पडला होता.

त्यानं खिशातून खडू काढला. मोटर आणि पंप जोडणाऱ्या लोखंडी चकतीवर, मधून कडेपर्यंत, एक जाड पांढरी रेघ ओढली. मग खिळा घेऊन तो चकतीच्या वर, संरक्षक लाकडी चौकटीत ठोकला.

“खिडक्यांना गोणपाटं लाव रं. दाराला पन.”

“दिवसा?”

“दिवसाच. अंधार पायजेल, रात नको.”

मोटर पुन्हा चालू झाली, पाणी वर चढायला लागलं. आत अंधार आणि छताला एकच ट्यूबलाइट, चकतीच्या बरोबर वर. हिरूनं बघितलं आणि मागे सरला. एवढी भरधाव फिरणारी चकती, तिच्यावरची रेघ खरं तर दिसूच नये. ती दिसत होती. एक नाही, चार. पांढऱ्या फुलीसारख्या चार रेघा, आणि ती फुली उलट्या दिशेनं हळूहळू सरकत होती.

“भुताटकी नाय ही,” लडकू म्हणाला. “ट्यूब दिसते सारखी पेटलेली, पन ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते. मोटर तेवढ्यात पंचवीस फेरे मारते. म्हणून एक रेघ चार जागी दिसते. मोटर विजेच्या थोडी मागं राहते, जेवढी मागं राहते तेवढी फुली मागं सरकते. हे मला खोपोलीच्या वीजघरातल्या एका म्हाताऱ्या फिटरनं दावलं, एक्कावन साली. त्यानंतर मी ते कुनाला दावलं नाय. गरज नाय पडली.”

“मंग आता?”

“आता फुलीचा पाय खिळ्याखालून गेला की ‘हां’ म्हन. मी सुईकडं बघतो.”

“हां… हां… हां…”

दर ‘हां’ला सुई वर. एकही चुकली नाही. लडकूनं दीड मिनिट ऐकलं आणि खडू खिशात टाकला. त्याला रोग कळला होता.

मोटरीच्या पोटात फिरणारा एक पिंजरा असतो. तांब्याचे जाड गज, दोन्ही टोकांना कड्यात बसवलेले. त्यातला एखादा गज कड्याच्या आत तुटला तर बाहेरून काही दिसत नाही. मोटर उघडूनही सहसा दिसत नाही, भेग कड्याखाली लपलेली असते. पण तुटका गज आपल्या वाटची वीज नेईनासा होतो, ती शेजारच्यांवर पडते, ते तापतात, मग तेही तुटतात. आणि मोटर ओझं घेऊन फिरताना लंगडते. जेवढी मागे राहते त्याच तालावर लंगडते. माणसानं वॉल्व्ह हलवला असता तर सुई हलली असती, पण ती फुलीचा ताल धरून हलली नसती. कुठल्या ठाकराला, कुठल्या कुणब्याला एवढा ताल जमणार आहे?

रात्री जेवताना त्यानं हे सगळं सोनुबाईला सांगितलं. तिला मोटरीतलं काही कळत नव्हतं, नवऱ्यातलं सगळं कळत होतं.

“मंजे तुमचा दाखला खोटा ठरनार.”

“खोटा नाय गं. अर्धा.”

“साहेबाला अर्धा नि खोटा येकच. निवृत्तीला किती दीस राह्यले?”

“ऑगस्टात.”

“मंग जरा गप बसता नाय येत? त्या पोराला दुसरं काम नाय का मिळनार?”

लडकूनं भाकरीचा तुकडा मोडला. “मिळंल. रस्त्याची खडी फोडायचं.”

सोनुबाईनं आणखी आमटी वाढली आणि विषय सोडला. पण पहाटे तिनं त्याचा धुतलेला सदरा काढून ठेवला, चौकशीला घालायचा तो.

गुरुवारी दहाला लडकू ऑफिसात गेला आणि म्हणाला, “साहेब, चौकशी पंपघरात घेऊ या.”

सबनीस साहेब पुण्याचे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट टेबलावर यावी असं वाटे आणि मोटर टेबलावर येत नव्हती. “दाखला आणलात ना? मग पंपघर कशाला?”

“दाखला तिथंच वाचायचा आहे.”

अडतीस पायऱ्या साहेब उतरले. कपाळ पुसत आत आले तर खिडक्यांना गोणपाटं आणि कान्हा दारात, भाविकासारखा हात जोडून. पहिली पाळी त्याचीच होती.

“हे काय? नाटक आहे का?”

“दहा मिंटांचं हाय, साहेब,” लडकू म्हणाला. “आधी बाजूच्या वॉल्व्हला कुलूप घाला. तुमच्या हातानं. किल्ली तुमच्या खिशात. हिरूला वर पायऱ्यांवर बसवलाय, खाली येनार नाय.”

साहेबांनी साखळी अडकवली, कुलूप लावलं. मग सुईकडे पाहिलं. सुई आपली चढत होती, उतरत होती.

“ही हलतेय की.”

“हां.”

“पण कान्हा, तुझ्या पाळीत तर ती सरळ असते. लॉगबुक बघू.”

कान्हानं लॉगबुक देताना जरा वेळ लावला. साहेबांनी ट्यूबखाली धरून पान बघितलं. तीनशे वीस, तीनशे वीस. सात वाजता, आठ वाजता, नऊ वाजता, दहा वाजता. अकरा वाजता. बारा, एक, दोन.

“कान्हा, आत्ता वाजले किती?”

“सवा धा असतील, साहेब.”

“मग दोन वाजताचा आकडा तुला कळला कसा?”

“सवय झाली, साहेब,” कान्हा म्हणाला. “रोज तोच येतो.”

लडकूला वाटलं, हसावं. पण साहेब हसले नाहीत, म्हणून राहिलं. त्यानं साहेबांना स्टूल दिलं, फुली दाखवली, खिळा दाखवला. “तुम्ही फुलीचे पाय मोजा. कान्हा सुई मोजंल, तोंड भिंतीकडं करून. एक मिनिट. घड्याळ तुमचंच.”

मग त्या अंधारात मॅनेजर आणि पंपवाला, एकमेकांकडे पाठ करून, मोठ्यानं मोजू लागले. साहेब मोजत होते कारकुनासारखे, तुटक. कान्हा मोजत होता भाताचे भारे मोजावेत तसा, सूर लावून: “धाऽ… अकराऽ… बाराऽ…” पंधरापर्यंत दोघांचे आवाज वेगळे होते. विसाच्या पुढे ते नकळत एक झाले. तीसला साहेबांनी एकदा मान वळवून सुईकडे बघितलं, आणि मोजणं चुकवलं नाही. बावन्नवर मिनिट संपलं. दोघांचेही बावन्न.



“म्हणजे ओझ्याचा दोष नाही,” साहेब हळूच म्हणाले.

“पिंजऱ्यात आहे. एक गज नक्की, बहुतेक दोन. दुपारी उन्हानं तापते, वरची सगळी यंत्रं चालू असतात, म्हणून दुपारी जास्त पडते. हिरू दुपारी असतो म्हणून नाही.”

सबनीस साहेबांनी दाखल्याचा कागद उघडला. “मग मार्चमध्ये हे निर्दोष कसं लिहिलंत तुम्ही?”

हा प्रश्न येणार, हे लडकूला कालपासून माहीत होतं. रात्रभर त्यानं तीन उत्तरं तयार केली होती. त्यातलं एक फारच चांगलं होतं. त्यात सगळा दोष मीटरवर जात होता.

“मोकळी चालवून पाहिली होती, साहेब. पाणी न चढवता. घाईत होतो. ओझं नसलं की लंगडाबी ताठ चालतो.” मग त्यानं वहीवर बोट ठेवलं. “आन ह्ये मधला आकडा लिवायचं. कान्हाचा दोष नाय. मीच शिकवलं. ज्याला मी शिकवलं नाय त्यानंच खरं लिवलं.”

कान्हानं मान खाली घातली; पुढच्या तासांचे आकडेही फोरमननं शिकवले होते असं साहेबांना वाटलं तर बरं, असा त्याचा चेहरा होता.

साहेबांनी दाखल्याची घडी घातली. माणूस हिशेबी होता, आणि हिशेब सरळ होता. दोन नंबर थांबवली तर वह्यांचा कागद जात नाही. चालवली तर कधीतरी गज उखडून तारांत घुसेल, मग मोटर दुरुस्त करण्याचा प्रश्नच उरणार नाही.

“एक नंबर तीन आठवड्यांत येईल म्हणतात. तोवर निघेल का ही?”

“ओझं कमी ठेवलं तर. पाणी पाऊण घ्यायचं. आन कुनीतरी सतत मोजत बसलं पायजे. सुईचा वरचा आकडा चढायला लागला की बंद.”

“पाऊण पाण्यात गिरणी रखडेल.”

“रखडंल.”

“सगळे तुमच्या नावानं ओरडतील.”

“ओरडू द्या. ऑगस्टापर्यंतच ओरडतील.”

वर पायऱ्यांवर हिरू बसला होता, गुडघ्यांत हात घालून. सबनीस साहेब दम खात त्याच्यापाशी थांबले. “जा, कामाला लाग दुपारी. चौकशी रद्द.”

हिरू उठला नाही. “लिवून द्या, साहेब.”

“काय?”

“आरोपाचा कागद लिवून दिलता. रद्द झाल्याचा पन द्या. तोंडी नको. तुमच्याकडं लिवल्याबिगर खरं नसतं.”

लडकूला वाटलं, संपलं. मिळालेली नोकरी पोरगं जिभेनं घालवणार. पण साहेबांनी खिशातून पेन काढलं, त्याच दाखल्याची मागची कोरी बाजू वर केली, भिंतीला टेकवून चार ओळी लिहिल्या आणि सही केली. मग लडकूकडे वळले.

“आणि मोजत बसायला माणूस हवा म्हणालात. हा रोग तुम्हालाच कळतो. उद्यापासून तीन आठवडे तुम्ही पंपघरात. दुपारची पाळी, तीच अवघड आहे ना?”

लडकू म्हणाला, “बरं.” दुसरं काय म्हणणार? ज्यानं आजार ओळखला त्यानंच उशाशी बसायचं, हा नियम घरात चालतो, तोच गिरणीत.

तीन आठवडे तो पत्र्याखाली बसला. पाऊण पाण्यावर गिरणी रडत रखडत चालली. तिच्यातल्या प्रत्येकानं येता-जाता त्याला टोमणे मारले. कान्हा तर रोज विचारी, “दादा, आजारी कशी हाय?” सुई तीनशेवरून खाली आली होती, दोनशे चाळीस ते दोनशे साठ, पण ताल तोच. लडकू दर अर्ध्या तासाला दोन्ही आकडे लिहायचा. एका चौकोनात ते मावत नव्हते, म्हणून हिरूनं पट्टी घेऊन प्रत्येक चौकोनाच्या मधे रेघ मारली होती.

चौथ्या दिवशी, दोन-अडीचचा सुमार. पत्रा तडतडत होता. लडकूचे डोळे सुईवर होते. तिच्याबरोबर वर जात होते, खाली येत होते, आणि दर खेपेला खाली थोडे जास्त येत होते.

“दादा,” हिरू म्हणाला, “तुमी जरा पडा. मी हाय.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत लडकू ठोंबरे कामावर कधी झोपला नव्हता. कान्हावर सोडून झोपला नसता, गोमावर नाही, खरं म्हणजे स्वतःवर सोडूनही नसता.

“वरचा साठाच्या फुडं गेला तर उठव.”

“बासष्टला उठवतो. येकसष्टला मी बघतो.”

लडकूनं गोणपाट जमिनीवर पसरलं, चपला उशाला घेतल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. मोटर कण्हत होती. दोन-चार कण्हणी त्यानं मोजली असतील, नसतील.